उटण्यातील हिमालय

प्रस्तावना

मागील पाठात आपण आपल्या परिसरातील वृक्षांची माहिती घेतली. या पाठात एका निराळ्या वनस्पतिकुलाची ओळख करून घ्यायची आहे. या कुलातील झुडपे आपल्या अंगणात नाहीत, शेताच्या बांधावर नाहीत आणि जवळच्या रानातही नाहीत. तरीही त्यांची मुळे वर्षातून एकदा तरी आपल्या घरात येतात. ती कोठून येतात, तेथेच का वाढतात आणि त्यांच्या पुढच्या वाटचालीत आपला काही वाटा आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे आपण शोधणार आहोत.

पाठ वाचताना घरातील उटण्याची पुडी शक्य असल्यास जवळ ठेवावी. तिचा उपयोग होईल.

ब्राह्मणपाऱ्यातील एक पहाट

रायपूर शहराच्या जुन्या वस्तीत ब्राह्मणपारा नावाचा भाग आहे. छत्तीसगडी बोलीत वस्तीला किंवा आळीला ‘पारा’ म्हणतात. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी छत्तीसगडवर स्वारी केली आणि पुढे बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूर येथून या प्रदेशाचा कारभार पाहिला. भोसल्यांच्या अमदानीत आणि तिच्यानंतरही अनेक मराठी कुटुंबे या भागात आली व येथेच स्थिरावली. घराबाहेर छत्तीसगडी आणि हिंदी, घरात मराठी, असा त्यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. भाषेबरोबर काही रीतीही टिकल्या. नरकचतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान ही त्यांपैकी एक.

त्या पहाटे तेलाने अंग चोळल्यावर उटणे लावतात. उटण्यात काय काय असते? आंबेहळद, चंदन, वाळा, कचोरा, नागरमोथा, संत्र्याची वाळलेली साल. यांपैकी बऱ्याच वस्तू आसपासच्या मुलखातून मिळू शकतात. नागरमोथा तर छत्तीसगडच्या ओलसर शेतांत तण म्हणून उगवतो. पण त्याच पुडीत कुटलेल्या आणखी दोन जिनसा असू शकतात: जटामांसी आणि तगर. रायपूरच्या गोलबाजारासारख्या जुन्या बाजारपेठेत काष्ठौषधींच्या दुकानात या जिनसा मागितल्या, तर दुकानदार केसाळ, तांबूस रंगाची जटामांसी आणि गाठाळ, वाकडीतिकडी तगर पुढे ठेवतो. दुकानात मिळतात म्हणून त्या जवळपासच होत असतील असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः त्यांचा प्रवास हजार किलोमीटरांच्या आसपासचा किंवा त्याहूनही लांबचा असतो आणि तो हिमालयाच्या उतारांवरून सुरू होतो.

एक नाव, दोन वनस्पती

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. “तगर तर आमच्या अंगणातच आहे. रोज देवाला तिची पांढरी फुले वाहतो. मग ती हिमालयातून कशी येईल?”

शंका योग्य आहे. ‘तगर’ या नावाने आपण दोन अगदी भिन्न वनस्पती ओळखतो. अंगणातली तगर हे सदाहरित झुडूप होय. हिंदीत तिला ‘चांदनी’ म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव टॅबर्नीमोंटाना डायव्हॅरिकाटा. ती कण्हेर आणि सदाफुली यांच्या कुलातील आहे. तिचे पान तोडले की पांढरा चीक येतो. (हा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.) उष्ण हवेत ती आनंदाने वाढते, म्हणूनच रायपूरच्या उन्हाळ्यातही ती टवटवीत दिसते.

दुकानातली तगर निराळी. मराठीत तिला ‘तगर गंठोडा’ असेही म्हणतात. उत्तरेकडे ती ‘मुश्कबाला’ या नावाने विकली जाते. तिचे शास्त्रीय नाव व्हॅलेरियाना जटामांसी. ती झुडूप नसून हातभर उंचीचे, बहुवर्षायू लहान रोप आहे. पान तोडले तर चीक येत नाही. बुडाशी हृदयाच्या आकाराच्या पानांचा झुबका आणि मधून वर आलेल्या दांड्यावर पांढऱ्या किंवा फिकट गुलाबी बारीक फुलांचा गुच्छ, असे तिचे रूप असते. उपयोगाचा भाग मात्र जमिनीखाली असतो. तो म्हणजे तिचे आडवे वाढणारे, जाड, गाठाळ खोड. वनस्पतिशास्त्रात अशा भूमिगत खोडाला मूलक्षोड म्हणतात. व्यवहारात आपण त्यालाही मूळच म्हणतो.

आपल्या पूर्वजांचे निरीक्षण किती बारीक होते ते या वनस्पतींच्या संस्कृत नावांवरून कळते. औषधी तगरीला ‘नत’ आणि ‘वक्र’ अशीही नावे आहेत. दोहोंचा अर्थ वाकलेला. मूलक्षोड हातात घेतले की नावाचे कारण समजते. जटामांसीला ‘जटिला’, ‘लोमशा’ आणि ‘तपस्विनी’ ही नावे मिळाली, कारण तिचे मूलक्षोड जुन्या पानांच्या उरलेल्या तांबूस तंतूंनी झाकलेले असते. जणू एखाद्या तपस्व्याच्या जटाच. नाव ठेवणाऱ्याने वनस्पती पाहिली होती, हाताळली होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

कुलाची ओळख

जटामांसी आणि औषधी तगर या दोन्ही वनस्पती ज्या कुलात मोडतात त्याला व्हॅलेरिएनेसी असे नाव आहे. सोयीसाठी आपण त्याला ‘जटामांसी कुल’ म्हणू. वनस्पतींची कुले कशी ठरवतात? प्रामुख्याने फुलांच्या आणि फळांच्या रचनेवरून. पाने, उंची, रंग या गोष्टी परिस्थितीनुसार बदलू शकतात. फुलाची घडण सहसा बदलत नाही.

या कुलाची लक्षणे अशी सांगता येतील. बहुतेक वनस्पती लहान, औषधी रोपांच्या स्वरूपाच्या असतात. खोडावरची पाने समोरासमोर येतात. फुले बारीक असून गुच्छाने येतात. पाकळ्या खाली जुळून नळी तयार होते आणि वर तिचे सहसा पाच भाग होतात. पुंकेसरांची संख्या मात्र पाकळ्यांहून कमी असते. व्हॅलेरियानाच्या फुलात तीन, तर जटामांसीच्या फुलात चार पुंकेसर असतात. बीजकोशात तीन कप्पे असतात. पण त्यांतील एकाच कप्प्यात बी धरते.

व्हॅलेरियाना या प्रजातीचे एक वैशिष्ट्य फार मनोवेधक आहे. फूल उमललेले असते तेव्हा त्याचा निदलपुंज, म्हणजे फुलाच्या तळाशी असणारा हिरवा भाग, आत गुंडाळलेला असतो आणि दिसतही नाही. फळ पिकू लागले की तो उलगडतो आणि पिसासारख्या केसांचे छत्र तयार होते. या छत्राच्या आधारे इवलेसे फळ वाऱ्यावर तरंगत दूर जाते. डोंगरउतारावर राहणाऱ्या वनस्पतीला वाऱ्याहून चांगले वाहन कोणते मिळणार?

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वनस्पतींचे नातेसंबंध त्यांच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्यावरून तपासले जाऊ लागले. त्यातून असे दिसले की हे कुल हनीसकल या वेलीच्या कुलाशी अगदी जवळचे आहे. म्हणून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात जटामांसी कुल स्वतंत्र न ठेवता कॅप्रिफोलिएसी या मोठ्या कुलात समाविष्ट करण्यात आले. पुष्कळ ग्रंथांत मात्र जुने नाव आढळते. दोन पुस्तकांत दोन नावे दिसली तर गोंधळून जाऊ नये.

कोण कोठे वाढते

या गटात सुमारे तीनशे ते चारशे जाती आहेत. त्यांतील बहुसंख्य जाती पृथ्वीच्या उत्तर गोलार्धातील थंड व समशीतोष्ण प्रदेशात आणि दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगेत आढळतात. अँडीजच्या उंच पठारांवरील काही जाती तर थंड वाऱ्यापासून बचाव करण्यासाठी जमिनीला चिकटून, उशीसारख्या आकारात वाढतात.

युरोपात व्हॅलेरियाना ऑफिसिनॅलिस ही जाती नदीकाठच्या ओलसर कुरणांत आणि चरांच्या कडेला उगवते. ती माणसाच्या छातीइतकी उंच होऊ शकते. भूमध्य समुद्राच्या परिसरात सेंट्रँथस रुबर ही लाल फुलांची जाती जुन्या दगडी भिंतींच्या फटींत वाढते. व्हॅलेरियानेला या प्रजातीतील एका रोपट्याची कोवळी पाने युरोपातील लोक हिवाळ्यात कोशिंबिरीसारखी कच्ची खातात. म्हणजे एकाच कुलात कोणी कुरणात, कोणी भिंतीत, तर कोणी ताटात आहे!

आता भारताकडे वळू. औषधी तगर काश्मीरपासून भूतानपर्यंतच्या हिमालयात, साधारणपणे १,२०० ते ३,००० मीटर उंचीवर वाढते. मेघालयातील खासी टेकड्यांतही ती आढळते. देवदार, बांज आणि बुरांस यांच्या जंगलातील दमट, सावलीचे उतार तिला मानवतात. व्हॅलेरियाना हार्डविकी ही तिची उंच बहीण याच पट्ट्यात दिसते.

जटामांसीचे घर याहून वर आहे. झाडांची सीमा जेथे संपते आणि गवताळ कुरणे सुरू होतात तेथे, सुमारे ३,००० ते ५,००० मीटर उंचीवर, ओलसर खडकाळ उतारांवर ती वाढते. गढवाल-कुमाऊँमध्ये या कुरणांना ‘बुग्याल’ म्हणतात. उत्तराखंड, हिमाचल प्रदेश, सिक्कीम, नेपाळ, भूतान आणि चीनचा नैर्ऋत्य भाग हा तिचा प्रदेश आहे. वर्षातील कित्येक महिने हे उतार बर्फाखाली असतात. बर्फ वितळले की थोड्या आठवड्यांत तिला पालवी, फूल आणि बी ही सारी कामे उरकावी लागतात. पावसाळ्यात तिला गुलाबी-जांभळी फुले येतात. शरद ऋतूत बी पिकते आणि रोपाचा वरचा भाग सुकून जातो. मूलक्षोड तेवढे मातीत जिवंत राहते व पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहते.

दक्षिण भारतातही या कुलाचे नातलग आहेत. तमिळनाडूतील निलगिरी आणि पळणी डोंगरांच्या उंच गवताळ माथ्यांवर व्हॅलेरियानाच्या काही जाती आढळतात. हिमालयापासून इतक्या दूर, मधला सारा उष्ण मुलूख ओलांडून, त्या तेथे असाव्यात ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

आपल्याकडे का नाही?

रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. हवेचा एक साधा नियम आहे. उंची १,००० मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. उत्तराखंडातील तुंगनाथचा परिसर सुमारे ३,६०० मीटर उंचीवर आहे. रायपूर आणि तुंगनाथ यांच्या उंचीत ३,३०० मीटरांचा फरक आहे. म्हणजे केवळ उंचीमुळेच तेथील हवा सुमारे २१ अंशांनी थंड असणार. शिवाय तुंगनाथ रायपूरहून बरेच उत्तरेला असल्यामुळे तेथील हिवाळा अधिक कडक असतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. थंडी दोन मार्गांनी मिळते: उत्तरेकडे सरकून किंवा वर चढून. युरोप बराच उत्तरेला आहे, म्हणून तेथे या कुलातील रोपे सखल कुरणांतही वाढतात. निलगिरी विषुववृत्तापासून फार दूर नाही. पण दोड्डबेट्टा हे तेथील शिखर २,६३७ मीटर उंच आहे. म्हणून तेथे ही रोपे केवळ माथ्यांवर राहतात. एखादे बेट समुद्राने वेढलेले असावे तसे हे थंड माथे उष्ण मैदानांनी वेढलेले आहेत.

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. छत्तीसगडमधील सर्वोच्च शिखर गौरलाटा तर याहूनही ठेंगणे, सुमारे १,२२५ मीटरांचे आहे. आकड्यांकडे पाहता तगरीला एवढी उंची पुरावी असे वाटेल. परंतु हिमालयात त्याच उंचीवर हिवाळ्यात दंव गोठते, माती खोल व ओलसर असते आणि सावली दाट असते. कळसूबाईचा माथा पावसाळ्याचे चार महिने धो धो भिजतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडा राहतो. वनस्पतीला केवळ उंची पुरत नाही. तिला थंडी, ओल, माती आणि सावली या चौघांची संगत लागते.

सुगंधाचा जुना व्यापार

या मुळांचा मान फार जुना आहे. धम्मपदात चंदन आणि मल्लिका यांच्या जोडीने तगराच्या सुगंधाचा उल्लेख येतो. हे सारे सुगंध वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जात नाहीत, सज्जनांच्या शीलाचा सुगंध मात्र जातो, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ नावाचे प्रवासवृत्त प्रसिद्ध आहे. भारतातून परदेशी जाणाऱ्या मालात त्याने ‘नार्द’ या सुगंधी द्रव्याची नोंद केली आहे. हे द्रव्य उत्तरेकडून बारिगाझा म्हणजे आजच्या भडोच बंदरात येई. गंगेच्या मुखाकडील प्रदेशातूनही नार्द बाहेर जात असे. पाश्चात्त्य जगात ‘नार्द’ म्हणून ओळखले जाणारे हे मौल्यवान द्रव्य म्हणजे आपली जटामांसी होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बायबलच्या नव्या करारात येशूला लावलेल्या नार्दाच्या तेलाची किंमत तीनशे दिनारांहून अधिक होती असे म्हटले आहे. एक दिनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे जवळपास वर्षभराची कमाई!

याच पेरिप्लसमध्ये पैठणबरोबर ‘तगर’ या व्यापारी नगराचेही नाव येते. ते नगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. नगराचे आणि वनस्पतीचे नाव सारखे आहे. पण केवळ या साम्यावरून दोहोंचा संबंध जोडणे योग्य नव्हे. शब्दांचे साम्य हा पुरावा नसतो, हे अभ्यास करताना सदैव ध्यानात ठेवावे.

विद्वानाचीही गल्लत

नावांमुळे सामान्य माणसाचीच फसगत होते असे नाही. सर विल्यम जोन्स हे थोर भाषापंडित. १७८४ साली कोलकात्यात एशियाटिक सोसायटीची स्थापना त्यांनीच केली. प्राचीनांचे ‘नार्द’ म्हणजे नेमकी कोणती वनस्पती याचा त्यांनी शोध घेतला आणि १७९० साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. भूतानकडून आलेल्या रोपांना त्यांनी व्हॅलेरियाना जटामांसी असे नाव दिले. नार्द म्हणजे जटामांसी, हा त्यांचा मूळ तर्क योग्य होता. पण ज्या रोपाचे त्यांनी वर्णन केले ते जटामांसीचे नव्हते. ते तगरीचे होते!

वनस्पतींच्या नामकरणात एक नियम पाळला जातो. एखाद्या वनस्पतीला रीतसर दिलेले पहिले नाव कायम राहते. त्यामुळे आज औषधी तगरीचे शास्त्रीय नाव व्हॅलेरियाना जटामांसी आहे आणि खऱ्या जटामांसीचे नाव नार्डोस्टॅकिस जटामांसी. तगरीला पुढे १८३० साली दिलेले व्हॅलेरियाना वॉलिची हे नावही अनेक पुस्तकांत आढळते. वाचकाने यातून घ्यायचा बोध असा की, वनस्पती ओळखताना केवळ नावावर विसंबू नये. रूप पाहावे, गंध घ्यावा आणि जाणत्या माणसाला विचारावे.

बाजारातही असाच घोळ चालतो. तेथे मात्र तो पुष्कळदा लोभापायी होतो. जटामांसी म्हणून गाजराच्या कुलातील भूतकेशीची मुळे विकली गेल्याचे आढळले आहे. तीही तंतूंनी झाकलेली असतात. अंगणातल्या तगरीचे मूळ औषधी तगर म्हणून देणे हा दुसरा धोका. औषध पोटात घ्यायचे असेल तेव्हा अशी अदलाबदल घातक ठरू शकते.

गंध आणि गुण

तगरीच्या जातीचे ताजे मूळ फारसा वास देत नाही. ते वाळू लागले की त्यातील घटकांचे विघटन होऊन आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होते. त्याचा वास उग्र असतो. काहींना तो आवडतो, तर काहींना घामट कपड्यांची आठवण होते. मांजरांना मात्र या मुळांचे विलक्षण आकर्षण वाटते. ती त्यांवर लोळतात.

आयुर्वेदात जटामांसी व तगर यांचा उपयोग मन शांत करणारी आणि झोप आणणारी औषधी द्रव्ये म्हणून सांगितला आहे. युरोपातही त्यांची बहीण व्हॅलेरियाना ऑफिसिनॅलिस ही शतकानुशतके याच कामासाठी वापरली गेली. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन समाजांनी एकाच कुलातील मुळांना एकच काम द्यावे, हे लक्षणीय आहे. आधुनिक चाचण्यांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. काही चाचण्यांत झोपेला मदत झाल्याचे दिसले, काहींत विशेष फरक आढळला नाही. म्हणून ही मुळे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. झोपेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, गर्भवती स्त्रियांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी वैद्यांचा किंवा डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय त्यांचा वापर करू नये.

मुळासाठी जाणारे रोप

आंब्याचे फळ तोडले तर झाड राहते. तुळशीची पाने खुडली तर ती पुन्हा फुटते. परंतु ज्या वनस्पतीचे मूळच उपयोगी, तिचे काय? मूळ काढले की रोप गेले. जटामांसीची सारी अडचण या एका वाक्यात आहे.

थंड उतारावर ती अतिशय सावकाश वाढते. बी रुजून मूलक्षोड उपयोगाला येण्याइतके जाड होण्यास कित्येक वर्षे लागतात. ते वाळल्यावर हलके होते, त्यामुळे एका पोत्यासाठी पुष्कळ रोपे उपटावी लागतात. बी पिकण्यापूर्वीच खणले, तर पुढची पिढीही त्याच पोत्यात जाते. त्यातच चराईचा ताण आणि हवामानातील बदल यांची भर पडते. खालच्या उतारांवर उष्णता वाढली तर रोप वर सरकू शकेल. पण डोंगराला माथा असतो. माथ्याच्या वर सरकायला जागा नाही.

१९९७ साली जटामांसीचा समावेश ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. त्यामुळे देशोदेशींच्या तिच्या व्यापारावर नियंत्रण आले. २०१५ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत ती ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदवली गेली. रानातून एखादी जाती पूर्णपणे नाहीशी होण्याच्या आधीची ही शेवटची पायरी होय.

तर मग मुळे काढण्यावर सरसकट बंदी घालावी काय? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. उंच डोंगरांतील गावांत शेती थोडी, मोसम लहान आणि रोजगार दुर्मीळ. नेपाळमधील जुम्ला, हुम्ला, डोल्पा यांसारख्या जिल्ह्यांत जडीबुटी गोळा करणे हा अनेक घरांच्या रोख उत्पन्नाचा आधार आहे. मुळे खणणारा माणूस थंडीवाऱ्यात कडे चढतो. त्याचा माल गावच्या व्यापाऱ्याकडून तराईतल्या पेठेत, तेथून दिल्लीच्या खारी बावलीसारख्या मोठ्या बाजारात आणि अखेरीस आपल्या गावच्या दुकानात येतो. या साखळीत सर्वांत अधिक कष्ट पहिल्या माणसाचे असतात. बंदी घातली आणि दुसरा मार्ग दिला नाही, तर तो चोरून खणील, आणि घाईने, अपक्व रोपेही खणील.

म्हणून जाणकार मधला मार्ग सुचवतात. बी पडून गेल्यावर, शरद ऋतूच्या अखेरीसच खणावे. मूलक्षोडाचा एक तुकडा मातीत परत पुरावा, म्हणजे त्याला फुटवा येतो. एका उतारावर खणल्यावर त्याला काही वर्षे विश्रांती द्यावी. उत्तराखंडात १९३१ पासून वनपंचायतींची परंपरा आहे. असे नियम गावानेच ठरवले आणि पाळले तर ते अधिक टिकतात. दुसरा मार्ग लागवडीचा. श्रीनगर-गढवाल येथील विद्यापीठाचे उच्चपर्वतीय वनस्पती संशोधन केंद्र जटामांसीच्या लागवडीवर काम करीत आले आहे. हिमाचलातील पालमपूरच्या हिमालयी जैवसंपदा संस्थेने तगरीच्या लागवडीचा अभ्यास केला आहे. तगर कमी उंचीवर वाढत असल्यामुळे तिची शेती त्या मानाने सोपी. जटामांसीला मात्र शेतातही थंडी द्यावीच लागते.

आपण काय करू शकतो?

ब्राह्मणपाऱ्यातील, किंवा तुमच्या गावातील, एका घराच्या उटण्याने हिमालयाचे काय बिघडणार, असे कोणी म्हणेल. एका घराने फारसे बिघडत नाही, हे खरे. पण बाजार हा अशाच घराघरांचा बनलेला असतो.

आपल्याला करता येतील अशा गोष्टी साध्या आहेत. जटामांसी थोडी लागते, तर थोडीच घ्यावी. पुढच्या वर्षासाठी साठवून तिचा गंध घालवू नये. माल कोठला, लागवडीचा की रानचा, हे दुकानदाराला विचारावे. आज त्याला उत्तर ठाऊक नसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर तो ते मिळवील. केवळ सुगंध हवा असेल तर नागरमोथा आणि वाळा यांवर भागवता येते. दोन्ही आपल्याकडे वाढतात. आणि घरातील मुलांना सांगावे की अंगणातली तगर निराळी, उटण्यातली निराळी.

पुढच्या नरकचतुर्दशीला उटणे भिजवताना त्याचा वास घ्या. हळद ओळखू येईल, चंदन ओळखू येईल. त्यांच्या मागे एक मंद, मातकट, थोडा उग्र गंध असेल. तो हजारो मीटर उंचीवर, बर्फाखाली कित्येक हिवाळे काढलेल्या एका लहानशा रोपाचा आहे. ते रोप आता त्या उतारावर नाही. तेथे दुसरे उगवावे, एवढी आपली इच्छा हवी, आणि तसे वागणेही.

थोडक्यात

• ‘तगर’ हे नाव दोन भिन्न वनस्पतींना दिले जाते. अंगणातील तगर कण्हेरीच्या कुलातील, तर औषधी तगर जटामांसी कुलातील आहे.
• या कुलातील वनस्पतींना थंड हवा लागते. ती त्यांना उत्तरेकडील प्रदेशात किंवा उंच डोंगरांवर मिळते.
• जटामांसीचे मूलक्षोड उपयोगी असल्यामुळे ते काढताना बहुधा संपूर्ण रोप नष्ट होते. म्हणून ती अतिसंकटग्रस्त झाली आहे.
• योग्य वेळी खणणे, उताराला विश्रांती देणे, लागवड करणे आणि जपून वापरणे हे तिच्या रक्षणाचे मार्ग आहेत.

विचार करा आणि लिहा

१. अंगणातील तगर आणि औषधी तगर यांत तुम्हाला कोणते तीन फरक सांगता येतील?
२. निलगिरी पर्वत विषुववृत्ताजवळ असूनही तेथे या कुलातील वनस्पती का वाढतात?
३. ‘जटिला’ आणि ‘वक्र’ या नावांमागील कारणे तुमच्या शब्दांत लिहा.
४. ‘मुळे काढण्यावर सरसकट बंदी घालावी’ या मताच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी पाच वाक्ये लिहा.
५. तुमच्या घरातील उटण्यात किंवा मसाल्यात असलेल्या पाच वस्तूंची यादी करा. प्रत्येक वस्तू कोठून येते आणि तिच्या वनस्पतीचा कोणता भाग वापरतात, हे वडीलधाऱ्यांना किंवा दुकानदाराला विचारून नोंदवा.